शीर सापडत नाही? आधी सुई खाली ठेवा

डिसेंबरातली सकाळ, पावणेसातची वेळ. नाशिकमधल्या आमच्या रक्ततपासणीच्या कलेक्शन सेंटरचं शटर अर्धंच वर गेलेलं. निफाडहून मुलाच्या मागे मोटरसायकलवर बसून आलेल्या एक आजी आत खुर्चीत. त्या आठवड्यात निफाडला पारा ६ अंशांच्या आसपास होता, म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर तो वारा खात आलेलं माणूस. मी पोचेपर्यंत आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलाने त्यांच्या डाव्या कोपरात एकदा टोचूनही पाहिलं होतं. रक्त नाही. "मॅडम, शीरच नाही हो यांना," तो म्हणाला.

शीर नसलेलं माणूस मी सोळा वर्षांत पाहिलेलं नाही. आजींचा हात हातात घेतला तर माठाच्या बुडासारखा गार.

"आजी, सकाळपासून पाणी प्यायलात का?"

"नाही गं बाई. उपाशी या म्हणाले ना डॉक्टर. थेंब नाही घेतला. गोळीसुद्धा कोरडीच गिळली."

त्यांना दोन पेले कोमट पाणी दिलं, शाल नीट पांघरली, हातावर गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन ठेवला आणि वीस मिनिटं बाकावर बसवलं. तोवर दुसरे तीन पेशंट झाले. मग उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला, अंगठ्याच्या रेषेत, बोटाखाली काहीतरी उसळलं. एका प्रिकमध्ये तिन्ही ट्यूब भरल्या.

नवीन मुलं मला विचारतात, तुमचा हात कसा बसला? हात बसतोच, हजारेक कलेक्शननंतर कुणाचाही बसतो. पण अवघड पेशंट हाताने सुटत नाही. "शीर सापडत नाही" हे एकच वाक्य आपण निदान पाच निरनिराळ्या तक्रारींना वापरतो आणि सगळ्यांवर एकच इलाज करतो, पुन्हा टोचतो. गाडी चालू होत नाही म्हटल्यावर मेकॅनिक आधी पेट्रोल बघतो, मग प्लग. नुसत्या किका मारत बसत नाही. तसंच इथे. नेमकं काय बिघडलंय ते सुई उचलायच्या आधी ठरवायचं.

शीर दिसतही नाही, बोटाला लागतही नाही

सगळ्यात जास्त वेळा कारण पाणी असतं. फास्टिंग म्हणजे ८ ते १२ तास अन्न नाही, चहा नाही. साधं पाणी चालतं, किंबहुना प्यायलाच हवं. पण आपल्याकडे उपास म्हटला की कित्येकांच्या डोक्यात निर्जळीच येते. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी किंवा नवरात्रात वणीच्या गडावर पायी जाऊन आलेला माणूस चेकअपला येतो तेव्हा त्याच्या शिरा खोल गेलेल्या असतात. रमजानात जुन्या नाशकातून येणाऱ्यांना दिवसा पाणी प्या म्हणता येत नाही. ज्या तपासण्यांना फास्टिंग लागत नाही त्या आम्ही इफ्तारनंतर संध्याकाळी घेतो. बाकीच्यांना अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्येच "उपाशी या, पण दोन ग्लास पाणी पिऊन या" असं लिहायला सुरुवात केल्यापासून सकाळची निम्मी कटकट कमी झाली. ज्यांना किडनीमुळे किंवा हृदयामुळे पाणी मोजून सांगितलेलं असतं त्यांना मात्र हे आपण परस्पर सांगायचं नाही.

दुसरं कारण थंडी. गार हाताच्या शिरा आकसतात. कोमट कापड तीन ते पाच मिनिटं पुरतं. कापड आपल्या स्वतःच्या मनगटावर आधी ठेवून बघा. म्हाताऱ्यांना आणि मधुमेहवाल्यांना चटका लवकर कळत नाही. शेक झाल्यावर हात एक-दोन मिनिटं खुर्चीखाली लोंबता सोडा, रक्त आपसूक खाली उतरतं. हातावर फटाफट चापट्या मारायची सवय मात्र सोडा. पेशंटला ते अपमानासारखं वाटतं आणि त्वचा नुसती लाल होऊन आपलीच फसगत होते.

मग पट्टा. पट्टा कोपराच्या वर चार बोटं, आणि बांधल्यावर मनगटाची नाडी लागली पाहिजे. नाडीच बंद होईल इतका आवळला तर हातात रक्त येणारच कुठून? एक मिनिटाच्या वर तो ठेवायचा नाही. चाचपण्यात मिनिट गेलं तर सोडा, दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा बांधा. हा दोन मिनिटांचा विराम नवीन मुलांना फार जड जातो, कारण समोर बाकावर बारा माणसं बसलेली असतात आणि त्यातल्या एकाला साडेसातची सातपूरची शिफ्ट गाठायची असते. तरीही थांबा.

शोधायचं तर्जनीने, अंगठ्याने नाही. अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते. शीर बोटाखाली दाबून सोडली की पुन्हा उसळते, रबरी नळीसारखी. दोरीसारखी कडक लागली आणि उसळली नाही तर ती स्नायूची दोरी किंवा आधीच गुठळी होऊन बसलेली शीर. केमो घेतलेल्यांच्या हातात अशा पुष्कळ. धडधड लागली तर ती धमनी, तिथून हात काढा. जाड हातात डोळ्यांचा उपयोग नाहीच. अंगठ्याच्या बाजूची बाहेरची शीर अशा हातांत पुष्कळदा उपयोगी पडते. पेशंटला तळहात जरा आत वळवायला सांगा, ती वर येते. आणि जागा सापडली की कोपराची घडी, तीळ, एखादा वण अशी खूण मनात धरा. स्पिरिट लावल्यावर पुन्हा बोट लावून बघायचं नाही. ग्लोव्हचं तर्जनीचं टोक कापून चाचपणारे महाभाग मी पाहिलेत. मग ग्लोव्ह घातला कशाला?

शिरा दाखवणारं इन्फ्रारेडचं यंत्र आता काही ठिकाणी आलंय. हिरव्या उजेडात शिरांचं जाळं छान दिसतं. फक्त शीर किती खोल आहे ते यंत्र सांगत नाही, आणि ते पुन्हा बोटानेच ठरवावं लागतं.

शीर ठळक दिसते, पण सुई लावली की पळते

हे उलटंच. द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या माणसाच्या हाताला डोळे मिटून सुई लावावी असं वाटतं, शिरा अंगठ्याएवढ्या. पण अंगावर चरबी नाही, त्यामुळे शिरेला धरून ठेवणारं आजूबाजूला काही नाही. सुई बाजूला लागली की शीर सरकते. म्हाताऱ्यांचंही तेच, त्यांची तर कातडीच सैल.

इथे शीर सुईने पकडायची नसते, अंगठ्याने पकडायची असते. टोचायच्या जागेच्या दीड-दोन इंच खाली आपला डावा अंगठा ठेवा आणि कातडी खाली, मनगटाकडे ओढा. वरच्या बाजूने बोट लावून चिमटा करू नका, सुई निसटली तर आपल्याच तर्जनीत जाते. सुईचं उघडं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश, आणि शिरेच्या डोक्यावरून सरळ रेषेत आत. एका लयीत जा. भीत भीत, मिलिमीटर मिलिमीटर सरकवणाऱ्याच्या हातून शीर जास्त पळते आणि पेशंटला दुखतंही जास्त. शिरा मनगटाच्या बाजूला वेड्यावाकड्या असतील तर दोन शिरा मिळतात त्या फाट्यावर टोचा. तिथे ती बांधल्यासारखी असते.

सुई आत गेली, रक्त नाही

हा तो क्षण, जेव्हा बहुतेकांचा हात वेडा होतो. आत खुपसून डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. हे करू नका. कोपराच्या आतल्या अंगाला, करंगळीच्या बाजूला जी शीर असते तिच्या शेजारूनच मोठी धमनी आणि नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. तिथे सुई फिरवणं म्हणजे अंधारात वायर कापणं.

हात जिथे आहे तिथेच ठेवा आणि आधी ट्यूब बदला. हसू नका. ट्यूब रक्त ओढते ती आतल्या व्हॅक्यूमने, म्हणजे निर्वातामुळे. व्हॅक्यूम गेलेली ट्यूब हे अगदी साधं कारण आहे, आणि मुदत संपलेल्या किंवा आधी उघडलेल्या ट्यूबमध्ये व्हॅक्यूम नसतो. होल्डरमध्ये ट्यूब पुरती दाबली गेली आहे का तेही बघा. अर्धवट दाबली तर मागची सुई रबरात जातच नाही. नवीन ट्यूबनेही काही आलं नाही तर सुई आणखी किंचित पुढे. त्यानेही नाही तर किंचित मागे, कारण कदाचित शीर आरपार गेली असेल. तोंड शिरेच्या भिंतीला चिकटलं असेल तर सुई जागच्या जागी हलकेच फिरवून बघा. एवढंच. पुढे, मागे, फिरवणं. आडवं काही नाही.

रक्त एकदम आलं आणि बंद झालं, तर शीर बसली. ट्यूबने जेवढं ओढलं तेवढं बारीक शिरेला देता आलं नाही आणि तिच्या भिंती चिकटल्या. ट्यूब काढा, चार-पाच सेकंद थांबा, शीर भरू द्या. मग २ एमएलची लहान ट्यूब लावा, तिचा ओढा कमी. अशी शीर असणार हे आधीच दिसत असेल तर सरळ २३ नंबरचं बटरफ्लाय, म्हणजे पंखाची, मागे बारीक नळी असलेली सुई, आणि लहान सिरिंज घ्या. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे शिकाऊ मुलांना उलटं वाटतं. चांगल्या शिरेला २१, मध्यम असेल तर २२, हाताच्या मागच्या बाजूला २३. त्याहून बारीक २५ नंबर मोठ्या माणसाला वापरण्याचा मोह टाळा. रक्त येतं, पण पेशी फुटण्याची शक्यता वाढते.

टोचलेल्या जागेभोवती फुगवटा येताना दिसला की संपलं. पट्टा सोडा, सुई काढा, दाबा. "अजून थोडं येतंय" म्हणून थांबलं की दुसऱ्या दिवशी कोपर वांग्याच्या रंगाचं होतं आणि पेशंट ते फोटो काढून पाठवतो.

रक्त आलं, पण थेंब थेंब

इथे मला जरा थांबून बोलायचंय, कारण बाकी सगळ्या चुका निदान दिसतात. ही दिसत नाही. ट्यूब भरलेली असते, लेबल लागलेलं असतं, आपण सुटलो असं वाटतं.

माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. पावसाळा होता, डेंग्यूचे दिवस, वॉर्ड भरलेले. एका तरुण पेशंटचं रोजचं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, माझ्याकडे. कोपरं आधीच टोचून टोचून निळी, मग मी हाताच्या मागून बारीक शीर धरली. रक्त जेमतेम येत होतं. ५ एमएलची सिरिंज घेऊन मी जवळजवळ अडीच मिनिटं दट्ट्या ओढत बसले. मिळालं एकदाचं, ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या, जांभळ्या ट्यूबमध्ये घातलं, दोनदा हलवलं, पाठवलं. मशीनने प्लेटलेट दिल्या १९,०००. आदल्या दिवशी होत्या ७२,०००. वॉर्डात पळापळ, भाऊ प्लेटलेटच्या पिशवीसाठी ब्लड बँकेकडे निघाला. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी काही न बोलता ट्यूब उघडली आणि लाकडी काडी आत फिरवली. काडीच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढी गाठ आली. प्लेटलेट त्या गाठीत अडकून बसल्या होत्या. मी परत गेले, शेक दिला, दुसऱ्या हाताच्या कोपरातून घेतलं. ६८,०००.

सर एवढंच म्हणाले, "रक्त सिरिंजमध्ये थांबलं, की ते गोठायला लागतं. तुला उशीर झाला होता."

तेव्हापासून माझा नियम असा. सिरिंजने घेताना मिनिटभरात पुरेसं आलं नाही तर तो प्रिक फुकट गेला असं समजायचं. नव्या सिरिंजचा दट्ट्या टोचायच्या आधी एकदा मागे-पुढे करून मोकळा करायचा, नाहीतर तो झटक्याने सरकतो आणि शीर बसते. रक्त आल्यावर ट्यूब रॅकमध्ये उभी ठेवायची, हातात धरायची नाही. सिरिंजमधलं रक्त ट्यूबमध्ये सोडायचं ट्रान्सफर डिव्हाइस असेल तर ते वापरायचं, आणि ट्यूबचा व्हॅक्यूम ओढेल तेवढंच जाऊ द्यायचं. दट्ट्या दाबून रक्त पिचकारीसारखं आत मारलं की तांबड्या पेशी फुटतात, सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, गुलाबी होतं, आणि पोटॅशियम, एलडीएच आणि एएसटी ही एन्झाइम्स, सगळं वर जातं. स्पिरिट सुकायच्या आधी टोचल्यानेही हेच होतं. अर्धं मिनिट थांबा, फुंकर घालू नका. जांभळी ट्यूब आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, सावकाश, वाटीतलं दूध न सांडता दुसरीकडे न्यावं तशी. ताक घुसळल्यासारखी नाही.

पोटॅशियमवरून आठवलं. शीर वर यावी म्हणून "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा" असं आपण सर्रास सांगतो. पट्टा बांधलेला असताना असं करत राहिलं की स्नायूंतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि रिपोर्ट एक-दीड अंकाने सहज चढू शकतो. आमच्याकडे एका धडधाकट बाईंचं ६.२ आलं होतं. डॉक्टरांचा फोन, ईसीजी, सगळं झालं. ईसीजी नॉर्मल. दुसऱ्या दिवशी मूठ न आवळता घेतलं तर ४.४. मूठ एकदा धरायची, हलकी, आणि रक्त सुरू झालं की सोडायची. पट्टाही रक्त सुरू होताच सैल करायचा. हात अगदीच नाजूक असेल तर पट्ट्याऐवजी बीपीचा कफ ४० वर फुगवून ठेवा, शीर फुटण्याची भीती कमी होते.

कमी रक्त मिळालं तर कुठली ट्यूब आधी? क्रम तोच: जंतू शोधायची कल्चरची बाटली, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. घाईत जांभळी आधी भरून तिच्यातलं थोडं लाल ट्यूबमध्ये ओतणारे भेटतात. ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं; त्या सीरममध्ये पोटॅशियम आकाशाला आणि कॅल्शियम तळाला दिसतं. हे दोन्ही एकत्र दिसलं की अनुभवी माणसाला लगेच वास येतो.

निळ्या ट्यूबशी तडजोड नाहीच. तिच्यात रक्त गोठू न देणारं ०.३ एमएल सायट्रेट असतं आणि २.७ एमएल रक्त लागतं, नऊस एक. कमी भरली की पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, खोटा लांबतो. ज्याला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्याचा आयएनआर (पीटीवरूनच काढलेला आकडा) जास्त दिसला तर डॉक्टर गोळी कमी करतील, आणि मग जे होईल ते आपल्या एका अर्धवट ट्यूबमुळे. बटरफ्लायने पहिली ट्यूब निळी घेत असाल तर नळीतली हवा तिच्यात जाऊन ती कमीच भरते, म्हणून आधी एक फुकटची ट्यूब लावून नळी भरून घ्या. बाकी जांभळीसाठी लहान मुलांची अर्ध्या एमएलची ट्यूब असते, मोठ्या ट्यूबमध्ये चार थेंब घालण्यापेक्षा ती बरी. आणि रक्त खरंच तुटपुंजं असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा, कुठली तपासणी आज हवीच आहे. फोन करायला लाजू नका.

सलाईनचा हात, फिस्तुलाचा हात

सलाईन चालू असलेल्या हातातून घ्यायचं नाही, दुसऱ्या हातातून. दुसरा हातही उपलब्ध नसेल तर सलाईनच्या खालच्या बाजूने, नर्सला सांगून सलाईन किमान दोन मिनिटं बंद करून, पहिलं रक्त टाकून देऊन, आणि फॉर्मवर तसं लिहून. डेंग्यूत हे फार महत्त्वाचं. तिथे डॉक्टर पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, बघून सलाईन वाढवायचं की कमी करायचं ते ठरवतात. सलाईनच्या वरून घेतलेलं रक्त पातळ, जास्त वेळ पट्टा बांधून घेतलेलं रक्त घट्ट. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरला उलट्या दिशेला नेतात. डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, चालू असेल तर साखर कुठल्या कुठे. शिवाय प्लेटलेट कमी असलेल्याला पट्टा करकचून बांधलात तर खाली लाल ठिपक्यांची जाळी उठते.

डायलिसिससाठी ऑपरेशनने धमनी आणि शीर जोडून केलेल्या फिस्तुलाच्या हाताला सुई लावायची नाही, पट्टा नाही, बीपीही नाही. त्या पेशंटच्या दुसऱ्या हाताच्याही कोपराच्या शिरा जपा, हाताच्या मागून घ्या. सगळ्यात बरं म्हणजे डायलिसिसला बसतील तेव्हाच तिथून काढून घेण्याची विनंती करा. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा हातही वगळायचा, डॉक्टरांनी लेखी सांगितल्याशिवाय. पाय तर मी कधीच स्वतःच्या मनाने घेत नाही. मनगटाची आतली, तळहाताकडची बाजूही नाही. तिथे नसा आणि स्नायूंच्या दोऱ्या अगदी कातडीखाली.

सुरगाणा, पेठकडून येणारे सिकलसेलचे पेशंट वेगळ्या कारणाने अवघड. लहानपणापासून इतक्या वेळा टोचून घेतलंय की चांगल्या शिरा संपत आलेल्या. त्यांना विचारा, "कुठून मिळतं?" ते बोट ठेवून दाखवतात आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. हा प्रश्न खरं तर प्रत्येकालाच विचारावा. आपला पांढरा कोट आड येतो, एवढंच.

मुलं

"दुखणार नाही" असं म्हणू नका. मुंगी चावल्यासारखं होईल, मी पाच म्हणेपर्यंत संपेल, असं सांगा आणि खरोखर पाचात संपवा. आईच्या मांडीवर, आईचा एक हात मुलाच्या पोटावरून, आणि टोचायचा हात धरायला आपलाच दुसरा माणूस. आईला हात धरायला लावला तर ती ऐन वेळी सोडते, आणि तिचा दोष नाही. तान्ह्याला टाचेच्या दोन्ही कडांना लॅन्सेट, म्हणजे टोचायचं छोटं पातं, मधे नाही, आणि फार खोल तर नाहीच. टाचेचं हाड अगदी जवळ असतं. पहिला थेंब पुसून टाका. टाच पिळू नका, नाहीतर पेशींबरोबर भोवतालचं पाणीही येतं. काविळीसाठीच्या बिलिरुबिनचं सॅम्पल उजेडापासून झाकून न्या.

चक्कर

टोचायच्या आधी विचारा, पूर्वी कधी रक्त देताना चक्कर आलीय का. हो म्हटलं की आडवं झोपवूनच घ्या. होम कलेक्शनला सिडकोतल्या एका घरात उंच स्टुलावर बसलेले एक गृहस्थ, चांगले सहा फुटी, सुई निघाल्यावर माझ्या अंगावर कोसळले होते. तेव्हापासून मी स्टुलावर कुणाला बसवत नाही; पलंग किंवा हाताची खुर्ची. घाम फुटला, ओठ पांढरे पडले, जांभया यायला लागल्या की सुई आधी काढा, मग डोकं खाली, पाय वर. पाणी शुद्धीवर आल्यावर.

कधी सोडून द्यायचं

दोन प्रिक. त्यानंतर हात बदलायचा, म्हणजे पेशंटचा नाही, आपला. दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवा. त्यालाही जमलं नाही तर पेशंटला पाणी पिऊन दोन तासांनी यायला सांगा. तिसऱ्या वेळेला आपणच टोचतो तेव्हा आपण रक्त काढत नसतो, आपली इज्जत वाचवत असतो.

काही वेळा पहिल्याच प्रिकला सोडावं लागतं. पेशंट "करंट बसला" म्हणाला, बोटांपर्यंत झिणझिणी गेली, तर नसेला लागलंय. त्याच सेकंदाला बाहेर. रक्त भडक लाल आणि उसळ्या मारत आलं तर धमनी. सुई काढा, स्वतः किमान पाच मिनिटं घट्ट दाबून धरा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आणखी, आणि डॉक्टरांना कळवा. कापूस पेशंटच्या हातात देऊन निघून जायचं नाही.

साध्या प्रिकनंतरही कोपर दुमडून कापूस धरायला सांगू नका. हात सरळ, वर उचललेला, बोटाने दाब. दुमडला की दाब नीट बसत नाही, शीर झिरपते आणि काळंनिळं होतं. झालंच तर पहिल्या दिवशी गार, नंतर शेक.

अवघड पेशंट झाला की आपलं लक्ष ढिलं पडतं, आणि सुई आपल्याच बोटात जाते ती तेव्हा. सुईला परत टोपण लावायचं नाही, थेट पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. लागलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लपवू नका. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांच्या पुढे त्यांचा उपयोग नाही. "पेशंट चांगल्या घरातला आहे" हे कारण ऐकून मी सुई लागलेल्या एका मुलीला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं होतं.

शेवटी एक दोन मिनिटांचं काम. अवघड पेशंट जमला की लगेच त्याच्या नावापुढे रिमार्कमध्ये लिहून ठेवा: कुठला हात, कुठली शीर, कुठली सुई, आधी काय करावं लागलं. पुढच्या वेळी खुर्चीत कोणीही असो, तुम्ही किंवा कालच लागलेला मुलगा, त्याला पहिला प्रिक आंधळा मारावा लागत नाही. जीटीटीसारखं, म्हणजे ग्लुकोज पाजून ठरावीक वेळाने साखर बघायच्या तपासणीसारखं, तीनदा टोचायचं असेल तर कुठल्या वेळेला कुठला हात तेही आधीच ठरवून लिहा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या रकान्यात फार अक्षरं मावत नाहीत, म्हणून तोडून लिहितो. निफाडच्या आजींच्या नावापुढे आता आहे: उ. कोपर, बाहेरची, २३ बटर, आधी पाणी, आधी शेक, डावीला हात लावू नये.